जेरुसलेमचे दोन भाऊ

निमोणे गावात गोष्ट सांगावी ती हौसरावआप्पांनीच, असं पंचक्रोशीत ठरलं होतं. ठरवणारे आप्पाच होते. पण दौंडच्या मोझेलबाई गावच्या वाचनालयात येऊन ज्यू लोकांच्या गोष्टी सांगू लागल्या आणि पोरं तिकडं पळाली. जळफळत आप्पाही मागं जाऊन बसले.

बाई सांगत होत्या, "दोघं भाऊ, दुसऱ्याला कमी पडू नये म्हणून, रात्री गुपचूप एकमेकांच्या खळ्यात धान्याच्या पेंढ्या टाकायचे. एकदा वाटेत समोरासमोर आले, गळ्यात पडले. तिथंच जेरुसलेमचं पवित्र मंदिर उभं राहिलं."

"असले भाऊ असत्यात व्हय कुठं?" आप्पा कडाडले.

"तुमच्या गोष्टीत न्हाईत आप्पा. तुमचे बांधावरनं डोकी फोडत्यात," पोरांतली शायना म्हणाली. पोरं फिदीफिदी हसली.

पोरं पांगल्यावर आप्पा बाईंजवळ आले.

"उद्या हीच सांगा. आन् वाईच मोठ्यानं. ह्या भिंतीपल्याड आमचा धाकटा भाऊ ऱ्हातो."