वारंगुळा

‘राख’ या गेमचा दुसरा भाग इंदापुरात येऊन बरेच दिवस झालेत, हे नागेशला सोपानकडून कळलं. सोपान उसाचा ट्रॅक्टर घेऊन माळेगावच्या कारखान्याला निघाला होता. निरवांगीच्या फाट्यावर चहाला थांबला आणि सहज बोलून गेला, की हारिस हल्ली कॉम्प्युटरपुढून हलत नाही. कसलासा नवा गेम चालू असतो आणि शेजारी बहीण बसलेली असते.

नागेशचा चहा कपातच राहिला.

हारिस म्हणजे इंदापूरच्या बाबूलालभाई कापडवाल्यांचा मुलगा. बाबूलालभाईंनी दुकानासाठी कॉम्प्युटर घेतला, पण त्यांचा कारभार तोंडीच राहिला आणि मशीन मागच्या खोलीत हारिसच्या ताब्यात गेलं. नागेश त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तो वर्षभर बारामतीला सायन्सला होता. घरी रान बघायला कोणी नाही म्हणून परत आलो, असं तो सांगे. निरवांगीत त्याला ‘इंग्रजीवाला’ म्हणत.

‘राख’चा पहिला भाग दोघांनी वारंगुळ्यानं खेळला होता. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो दुसऱ्या तसल्याच गड्याशी जोडी करतो आणि दोघांचीही रानं नांगरून निघतात, तसं. मशीन हारिसचं, इंग्रजी नागेशचं.

बॉम्बनं जळून गेलेल्या जगात एक माणूस हरवलेल्या थोरल्या भावाला शोधत गावोगाव हिंडतो, असा तो खेळ. वाटेत माणसं भेटत, बोलत. पडद्यावर इंग्रजीच्या ओळीच्या ओळी येत आणि खालच्या उत्तरांतलं एक निवडायचं असे. नागेश मराठीत सांगायचा. कधी पडदाभर मजकुराचं नुसतं ‘पाणी मागतोय’ व्हायचं. हारिसनं एवढंच का म्हणून विचारलं, की नागेश म्हणायचा, इंग्रजीला पाल्हाळ फार. उत्तर चुकलं की आपला माणूस मरायचा, मग पुन्हा मागून सुरुवात. खेळ अवघडच होता.

पण नागेशचं सांगणं झकास होतं. त्याच्या तोंडून त्या जळक्या मुलखातल्या म्हाताऱ्या थेट आपल्या आळीतल्या वाटायच्या. शेवटी त्यांनी मुखवटा घातलेल्या सरदाराला गोळी घातली, तळघराचं दार उघडलं आणि आतून एक दाढीवाला कैदी बाहेर आला. हाच तुझा थोरला, असं नागेशनं सांगितलं तेव्हा हारिसला रडू आवरेना. पुढं कापड घ्यायला येईल त्याला तो ही गोष्ट ऐकवायचा. गिऱ्हाईकं बिचारी लुगडं हातात धरून ऐकायची.

दुसरा भाग निघणार असं कळलं, तेव्हा दोघांचं ठरलं, एकट्यानं सुरू करायचा नाही. निघाल्यावर हारिसनं पुण्याहून एक इंग्रजी मासिक मागवलं. नागेशनं त्यातली दोन पानं चाळली आणि गेममध्ये एकही खोट नाही म्हणतात, असं सांगितलं. मग पुण्याहून आलेल्या पोरांकडून वेगळंच ऐकू यायला लागलं. गेम मोठा आहे, पण मधेच बंद पडतो, कमावलेलं गायब होतं, घेणारे वैतागलेत. मासिकवाल्यांना लिहायला काय जातंय, असं नागेश म्हणाला.

खोट असो नसो, त्याला तो हवा होता. मागच्या खोलीतल्या त्या दुसऱ्या खुर्चीत बसून जो मान मिळायचा, तो त्याला रानात किंवा घरात कुठंच मिळत नव्हता. आता तीच खुर्ची गेली होती. मिळेल त्या एसटीनं तो इंदापूरला निघाला. सगळ्या वाटेनं त्याला रागापेक्षा रडूच जास्त येत होतं.

दुकानात बाबूलालभाईंनी नेहमीसारखी हाक मारली. नागेश ओ न देता मागं गेला.

खोलीत हारिस माऊस धरून बसला होता. त्याची बहीण समिना बारामतीच्या कॉलेजात बी.ए. करत होती. ती शेजारी बसली होती आणि तिच्या मांडीवर जाडजूड डिक्शनरी उघडी होती. नागेशला बघून हारिस दचकला नाही, हसलाही नाही.

‘वारंगुळ्यातला बैल दुसऱ्याच्या औताला जुंपलास, हारिस,’ नागेश म्हणाला. ‘मला सांगायचं तरी.’

मग नागेशच्या तोंडाला खळ राहिला नाही. उसाला पाणी द्यायचं टाकून मी येत होतो, घरच्यांची बोलणी खात होतो, मी नसतो तर पहिल्या भागात तू एक गावसुद्धा ओलांडलं नसतंस, असं सगळं तो बोलून गेला. समिना काही म्हणणार होती. हारिसनं तिला हातानं थांबवलं. ते बघून नागेशला आणखीच लागलं. बहीण-भाऊ एका बाजूला आणि आपण परके, असं त्याला वाटलं.

‘बस,’ हारिस म्हणाला. ‘पयल्यापासनं लावतो.’

समिना उठून बाजूला झाली. नागेश आपल्या खुर्चीत बसला. गेम पुन्हा सुरू झाला. जळका डोंगर आला, डोंगराखाली झोपडी आली आणि झोपडीतून एक म्हातारी बाहेर आली. तिच्या तोंडच्या चार-पाच इंग्रजी ओळी पडद्यावर उमटल्या.

‘ही काय म्हणती?’ हारिसनं विचारलं.

नागेशचा राग निम्मा तिथंच उतरला. शेवटी अडलं की आपणच लागतो, असं त्याच्या मनात आलं. तो पुढं वाकला, सावकाश पडद्यावरून नजर फिरवली आणि त्याच जुन्या झोकात म्हणाला, ‘म्हणती, दोघं भाव जोडीनं परत आलासा, गावाचं भाग्य उजळलं. थोरल्याला घिऊन आत ये.’

समिनानं डिक्शनरी मिटली. हारिस पडद्याकडंच बघत होता.

‘न्हाय, नागेश,’ तो म्हणाला. ‘ती म्हणती, गोळी घालायच्या आधी मुखवटा काढून बघितला असतास, तर तुझा थोरला आज जित्ता असता.’