ब्रेकमधली हवा

दूरच्या डोंगरातली नोकरी लेकीनं परस्पर स्वीकारली, तेव्हापासून आईनं अबोला धरला होता. आज नववा दिवस. उद्या लेक निघणार. अंगणातल्या जुनाट व्हॅनखालून हाक आली, “आई, ब्रेकमधली हवा काढायचीय, एकटीला जमत नाही. मी ‘दाब’ म्हटलं की पेडल दाबून ‘दाबलं’ म्हणायचं. मुक्यानं चालणार नाही.” आई ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. “दाब.” “दाबलं.” “सोड.” “सोडलं.” नऊ दिवसांत मायलेकी एवढं बोलल्या नव्हत्या. पेडल आधी लोण्यासारखं मऊ होतं. हळूहळू ते अडायला लागलं, मग दगडासारखं कडक झालं. “अजून मऊ लागतंय का गं?” लेकीनं विचारलं. हो म्हटलं, तर उद्याचं निघणं टळणार होतं. आईनं पुन्हा एकदा दाबून पाहिलं. “नाही, कडक झालंय. ही शेजारची सीट तेवढी घट्ट बसव. तुला पोचवून मी बसनं परतेन.”