कुरणासमोरची खानावळ

"आज तरी हरलीस का?" खानावळीत शिरता शिरता वेंडेलनं विचारलं.

आर्डिसनं त्याच्यापुढे कॉफीचा मग आदळला. "कॅसिनो उभा राहीपर्यंत रोज विचारणार आहेस?"

"राहिल्यावरही विचारेन. तेव्हा समोरच्या पार्किंगमधून चालत येईन."

वेंडेल नदीपलीकडच्या मूळनिवासी जमातीचा अध्यक्ष. खानावळीसमोरच्या कुरणात कॅसिनो बांधायचं जमातीच्या पंचायतीनं ठरवलं होतं. परवानगी हॅडलीच्या नगरपालिकेच्या हातात होती आणि गावातल्या विरोधकांची पुढारी होती आर्डिस. तिचा सगळा जन्म ते कुरण बघण्यात गेलेला. तिथं डांबर पडणार या विचारानंच तिची झोप उडाली होती. दोघं एकाच वर्गात शिकलेले, त्यामुळे भांडणात भीडभाड नव्हती.

"रहदारी, गोंगाट... कालच्या सभेतही तेच रडगाणं," पॅनकेकवर पाक ओतत तो म्हणाला. "आमच्या वकिलांना धास्ती फक्त पाण्याची. पण तुला कुठलं सुचतंय ते!"

बोलण्याच्या भरात गडी स्वतःचंच गुपित ओकला, हे आर्डिसनं बरोबर हेरलं. दुपारी खानावळीला कुलूप घालून ती गावातल्या विहिरी बघत फिरली. सगळ्यांचं पाणी त्या कुरणाखालूनच येत होतं.

हिवाळ्यात मात्र ती थकली. गुडघे बोलायला लागले, सोबतचे एकेक गळाले.

"सोडते मी," ती एका सकाळी म्हणाली.

"सोड. शाळेतही तू शेवटची फेरी कधी धावली नाहीस."

त्याच संध्याकाळी बाई बर्फ तुडवत पुन्हा दारोदार! काय म्हणावं तिला? इतकं चिवट माणूस हॅडलीत दुसरं नव्हतं.

वसंतात नगरपालिकेची सभा भरली. वेंडेलनं पंचायतीची बाजू खणखणीत मांडली. मग आर्डिस उठली आणि फक्त पाण्यावर बोलली. मागून कुणीतरी जमातीला टोमणा मारला, तर तिनं त्यालाच दटावून खाली बसवलं. परवानगी नाकारली गेली.

दुसऱ्या दिवशी वेंडेल आला तो थोरल्या मावशीला घेऊन. आर्डिसला त्याच्याकडे बघवेना. जिंकूनही तिला वाईट वाटत होतं.

इनेझमावशीनं एक नवी घोंगडी उलगडून तिच्या खांद्यांवर घातली. जमातीत अशी घोंगडी मानकऱ्यालाच मिळते, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"अहो मावशी, मी तर तुम्हाला हरवलं!"

"पंचायतीला हरवलंस, पोरी. त्या कुरणात आम्ही बायका कंद खणतो, तुझ्या डोळ्यांसमोरच की! पण पंचायतीनं एकदा ठरवलं की अध्यक्षानं तेच बोलायचं. स्वतःच्या मनातला चकार शब्द नाही."

वेंडेल कॉफी ढवळत होता.

"म्हणून यानं तुझं तोंड उसनं घेतलं."