रोवलेला पाय

इलोइलोच्या जत्रेतल्या बास्केटबॉल सामन्यांची पंचगिरी करण्यात क्रिस्पुलोची उभी हयात गेली. चेंडू हातात असताना रोवलेला पाय सरकला, की शिट्टी आणि “ट्रॅव्हलिंग!” मग पाद्री का असेना. अर्धांगवायूनंतर मात्र त्याच्या डाव्या पायाचं लाकूड झालं. आज लेकीने त्याचीच शिट्टी स्वतःच्या गळ्यात अडकवली, त्याला माडाला ठोकलेल्या रिंगखाली उभं केलं आणि चेंडू दिला. “ताताय, डावा रोवलेला. उजवा टाकत फिरायचं.” “रोवलेला कसला, मेलाय तो!” “पंचाशी हुज्जत नको.” तो कण्हत फिरू लागला. मधेच तोल गेला, पण तो पडला नाही. तिने शिट्टी फुंकली. “ट्रॅव्हलिंग!” “साफ खोटं! पाय हललाच नाही!” तो कडाडला. तिने जमिनीकडे बोट दाखवलं. डाव्या चपलेमागे धुळीत वीतभर ओरखडा उमटला होता. तो बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, “पुन्हा फुंक.”