उलट उत्तर

मुलाने "चालू" असा हुकूम कॉम्प्युटरवरून आतल्या खोलीतल्या पडद्याला पाठवला. केबलमधून उत्तर आलं, "चालू". तो खुर्चीत जरा मागे रेलला, तोवर दुसरं उत्तर आलं. "बंद".

"घ्या," आई म्हणाली. "तुझ्यावरच गेलाय. तोंडाने हो म्हणायचं आणि करायचं नाही."

मुलगा टीव्हीसारखे, चित्रं दाखवणारे पडदे बसवायचं काम करायचा. दुकानांतले, दवाखान्यांतले. हा त्याने वडिलांसाठी आणला होता. आतल्या खोलीत, पलंगाला जोडलेल्या लोखंडी दांड्यावर, अगदी त्यांच्या तोंडासमोर तो बसवला होता. तिथून एक केबल बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला आणली होती. इथून टाइप केलं की पडदा तिकडे उजळायचा, विझायचा, आणि आपण काय केलं ते इकडे कळवायचाही. उद्या वडील आजारी माणसांच्या संस्थेत जाणार होते. पडदा सोबत जाणार होता.

"तिथल्या बाई ऑफिसात बसूनच चालू-बंद करतील," तो म्हणाला.

"म्हणजे खोलीत कुणी फिरकायलाही नको. झकास सोय केलीस हो."

"आई, डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस. बाबांना काही कळत नाही. डावा हात हलतो, तो आपोआप."

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून 'ह्यांना सगळं कळतं' हे सांगून सांगून आईची जीभ झिजली होती. पण दाखवायला तिच्याकडे होतं काय? सगळा जन्म एका घरात काढलेला. डॉक्टरांच्या यंत्रात तो उमटत नव्हता.

मुलाने पुन्हा चालू केला. थोड्या वेळाने, बंद. केबल सैल असेल म्हणून त्याने नवी लावली. बंद. दुसऱ्या टोकाची पिन घट्ट केली. बंद. आता तो घामाघूम झाला.

"लावलंयस तरी काय त्याच्यावर?"

"धबधबा. आजाऱ्यांसाठी खास असतो. पाणी पडतं, पक्षी बोलतात. मन शांत राहतं."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"अरे देवा! टीव्ही लाव बरं. कुस्त्या चालू असतील."

त्याने तोंड वाकडं केलं. पण तेवढीच तपासणी होईल म्हणून पडदा टीव्हीच्या जोडणीवर वळवला. उत्तर आलं, "चालू". दोघंही वाट बघत बसली. आतून गर्दीचा आरडाओरडा ऐकू येत राहिला. "बंद" काही आलं नाही.

"सापडलं!" मुलाने मांडीवर थाप मारली. "धबधब्याची जोडणीच खराब आहे. बघ." त्याने परत धबधबा लावला.

"बंद".

आई उठली आणि आतलं दार सताड उघडलं. मुलगा मागोमाग आला. पडद्याच्या खालच्या कडेला चालू-बंद करायचं एक बटण होतं. त्यावर वडिलांचा डावा अंगठा रोवलेला होता, आणि डोळे दाराकडे लागले होते. चांगलेच वैतागलेले.

"काही खराब नाही," आई म्हणाली. "तुझ्या बापाला धबधबा नकोय. कुस्ती लाव, आणि उद्याची गाडी नको म्हणून कळव."