तिसरा खांब

गोरखच्या मनगटावरचा पट्टा भरदुपारी थरथरला, तसा तो धावतच प्रोबेशन कार्यालयात शिरला. अंगात तलफ उठली की पट्ट्याला आधीच कळायचं. रस्त्यावर राहणाऱ्याला दर आठवड्याला शोधायचं कुठे, म्हणून कोर्टाने तो बांधला होता.

"मॅडम, यंत्र खोटं बोलतंय! चार महिने गर्दला शिवलो नाही. आज तर आठवणही आली नाही. मला परत आत टाकू नका."

प्रोबेशन अधिकारी ठोंबरे मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. "ही तलफ तुमची नाहीच, गोरखभाऊ. चार महिने टिकलात ना? आजपासून तुमच्या पट्ट्याला जवळपासच्या दुसऱ्या पट्टेवाल्याची तलफही कळणार. पुलाखाली, तिसऱ्या खांबापाशी शाहीन बसलीय. सकाळीच तुरुंगातून सुटलीय. मी गेले तर पळेल."

"मी जाऊन काय करू?"

"तुम्हाला तेव्हा काय हवं असायचं?"

गोरख बाहेर पडला. वाटेत त्याने टपरीवरून दोन चहा घेतले. पुलाजवळ येताच पट्टा जोरात थरथरू लागला. शाहीन खांबाला टेकून बसली होती. तिच्या घट्ट मिटलेल्या मुठीतून पुडीचा कोपरा दिसत होता. तो शेजारी बसला आणि त्याने एक चहा तिच्यापुढे धरला.

"दोन्ही हातांनी धर, काठोकाठ भरलाय."

"कोणी पाठवलं तुम्हाला? पोलिसांनी?"

गोरखने आपलं मनगट तिच्या मनगटाला लावलं. दोन्ही पट्टे एकाच लयीत थरथरत होते.

"तूच बोलावलंस."

शाहीन पट्ट्यांकडे बघत राहिली. मग चहा घ्यायला तिने मूठ उघडली.