भावोजींची शिष्टाई

"त्याला विचारा, ती गिटार आहे की कुंपणाची तार?" थोरला माइकसमोरून म्हणाला.

काचेपलीकडे बसलेल्या भावोजींनी मान डोलावली. दुपारी धाकटा गिटार घेऊन आला, तेव्हा ते त्याला म्हणाले, "थोरल्याला आवडलंय. फक्त दुसऱ्या कडव्यात हात जरा हलका ठेव म्हणतो."

ड्रमपाशी बसलेल्या नवीला हसू आवरेना. तिचं खरं नाव वेगळं होतं. पण तिच्याआधी या बँडमध्ये इतके ड्रमर होऊन गेले होते, की नाव पाठ करायच्या फंदात कोणी पडत नसे. जो येईल तो 'नवा', जी येईल ती 'नवी'.

जिन्यालगतच्या भिंतीवर बँडच्या सगळ्या रेकॉर्डची कव्हरं फ्रेम करून लावली होती. नवी येता-जाता ती न्याहाळायची. प्रत्येक कव्हरवर चेहरे बदललेले. बेसवाला वेगळा, कीबोर्डवाली वेगळी. कायम होते ते फक्त दोघे भाऊ. पहिल्या काही कव्हरांवर ते एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे होते. मग अचानक एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला.

"इथे मध्येच काय झालं?" तिने एकदा भावोजींना विचारलंच.

भावोजी म्हणजे या दोघांच्या बहिणीचे यजमान. बँडचं रेकॉर्डिंग पहिल्यापासून त्यांच्याच हातचं. वायर गुंडाळत ते म्हणाले, "भांडले. रेकॉर्डवर शेवटचं गाणं कोणतं ठेवायचं, यावरून."

"एवढ्यावरून?"

"त्यानंतर कशावरूनही. एक मिटवावं तर दुसरं तयार. थोरला सकाळी येऊन गातो, धाकटा दुपारी येऊन वाजवतो, आणि निरोप पोचवायला मी. माणसं टिकतील कशी? मागचा बेसवाला म्हणाला, मी वाजवायला आलो होतो, पंचायतीला नाही."

ते जरा थांबले. "आणि वेळ तरी कुठली साधली! त्यांची बहीण वारली, त्याला महिनाही झाला नव्हता. मी अंथरूण धरलं होतं. जेवण नाही, खाणं नाही, कोणाला दार उघडत नव्हतो. तर हे पाळीपाळीने दाराबाहेर उभे राहून एकमेकांची गाऱ्हाणी सांगायचे. तुम्ही मध्ये पडला नाहीत तर बँड मोडला म्हणून समजा, म्हणायचे. उठलो शेवटी. काय करतो? लेकाच्यांनी मला धड रडूही दिलं नाही."

नवीच्या डोक्यात तिडीक गेली. स्वतःची सख्खी बहीण गेलेली, मेहुणा घरात कोंडून घेऊन बसलेला, आणि यांना गाण्याच्या क्रमाची पडली होती!

या खेपेचं भांडण गिटारच्या एका लांबलचक तुकड्यावरून चाललं होतं. थोरला म्हणे, काढा. धाकटा म्हणे, माझ्या जिवावर उठलात तरी काढणार नाही. भावोजी रोज एकाला चुचकारत, दुसऱ्याला दटावत. जेवणाच्या सुट्टीतही त्यांचं तेच चालायचं. इकडे रेकॉर्ड रखडली होती आणि नवा बेसवाला दुसरीकडे कामं शोधायला लागला होता.

मग एका शनिवारी भावोजी म्हणाले, "धाकट्याला पटवलं. अर्ध्यावर तयार झालाय. आता थोरला 'हो' म्हणाला, की मिटलं. आणि मिटलं की कायमचं, असं वचन घेणार आहे मी दोघांकडून."

"मग तुम्ही सुटलात!" नवी म्हणाली.

"सुटलो," भावोजी म्हणाले. मग बंद केलेल्या यंत्रासमोर बराच वेळ तसेच बसून राहिले.

थकलेत बिचारे, नवीला वाटलं. थोरला ऐन वेळी माती खाणार, याची तिला खात्री होती. आजवरचा प्रत्येक समेट असाच फिसकटला होता. म्हणून रविवारी सकाळी ती तडक त्याच्या घरी निघाली. बँडमधून काढलं तर काढू दे, पण आज त्याला चार गोष्टी सुनावायच्याच. जिना चढताना ती वाक्यं जुळवत होती. वयाला शोभत नाही. मेलेल्या बहिणीची तरी लाज बाळगा.

दार थोरल्याच्या बायकोने उघडलं. तिने नवीच्या खांद्यावरून जिन्यात डोकावून पाहिलं.

"एकटीच आहेस ना गं? भावोजी नाहीत ना बरोबर?"

"नाहीत. मला थोरल्यांशी बोलायचंय."

"मग ये. चटकन आत ये."

स्वयंपाकघरातून खो-खो हसण्याचा आवाज येत होता. नवी दारातच थबकली. टेबलाशी थोरला आणि धाकटा खुर्चीला खुर्ची लावून बसले होते. धाकटा संत्र्याची एक फोड स्वतः खात होता, एक थोरल्याच्या हातावर ठेवत होता.

तिला पाहून दोघं गप्प झाले. मग थोरल्याने पायाने एक खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बरी आलीस. बस आणि जरा डोकं चालव," तो म्हणाला. "भावोजींनी भांडण मिटवत आणलंय, आणि उद्यासाठी आम्हाला नवं सुचत नाहीये."